पेटका

पेटका (पुल्लिंगी नाम; अनेकवचन: पेटके) म्हणजे शरीरातील एखादा स्नायू किंवा स्नायूंचा गट इच्छा नसताना अचानक व जोराने आकुंचन पावणे, काही काळ तसाच ताठर राहणे आणि त्यामुळे तीव्र वेदना होणे. पोटरी, तळपाय, मांडी, हाताची बोटे आणि पोट या ठिकाणी पेटके विशेष करून येतात. बोलीभाषेत याच अर्थाने ‘गोळा येणे’ आणि काही भागांत ‘वांब येणे’ असेही म्हणतात. शहरी मराठीत ‘क्रॅम्प’ आणि ‘स्पॅझम’ हे इंग्रजीतून आलेले शब्दही रुळले आहेत.

अचानक होणाऱ्या आकुंचनासाठी मराठीत एकच शब्द नाही. पेटका, उचकी, उबळ, आचका, आकडी, कळ, मुरडा, दातखीळ असे अनेक शब्द आहेत. कोणता अवयव आकुंचन पावतो, किती वेळ आणि शुद्ध हरपते की नाही, यांवरून ते वेगळे होतात. हा भेद केवळ भाषेपुरता मर्यादित नाही. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक कोणता शब्द वापरतात, यावर पुष्कळदा आजाराची पहिली दिशा ठरते. साधा पेटका आपोआप जातो, धनुर्वाताचा पेटका मात्र प्राणघातक ठरू शकतो.

अर्थ आणि व्याप्ती

पेटका या शब्दाच्या अर्थात चार गोष्टी अंतर्भूत आहेत: आकुंचन अचानक होते, ते माणसाच्या इच्छेने होत नाही, ते काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकते आणि ते दुखते. यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर मराठी भाषक सहसा दुसरा शब्द योजतात. पापणीचे बारीक आकुंचन अनैच्छिक असते, पण ते दुखत नाही. म्हणून त्याला पेटका न म्हणता ‘डोळा लवणे’ किंवा ‘पापणी फडफडणे’ म्हणतात. पायाला मुंग्या येतात तेव्हा संवेदना बदलते, पण स्नायू आवळत नाही. मान अवघडते किंवा आखडते तेव्हा स्नायू ताठर असतो, पण ती स्थिती तासन्‌तास, कधी दिवसभर राहते.

पेटका आलेल्या ठिकाणी हात लावल्यास स्नायू दगडासारखा कठीण लागतो आणि पुष्कळदा त्याचा उंचवटा डोळ्यांनाही दिसतो. ‘पोटरीत गोळा आला’ हा प्रयोग याच दृश्य अनुभवाचे वर्णन करतो. पेटका ओसरल्यानंतरही तो भाग काही तास, क्वचित एक-दोन दिवस हुळहुळा राहतो.

‘पेटका’ आणि ‘पेटणे’ (आग लागणे) या शब्दांत उच्चारसाम्य असले, तरी वापरात त्यांचा परस्परांशी संबंध नाही. ‘पाय पेटला’ असे म्हटल्यास जळजळ किंवा आग होणे असा अर्थ घेतला जातो, आकुंचन असा नाही.

व्याकरण आणि वाक्यप्रयोग

‘पेटका’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम असल्याने त्याचे सामान्यरूप ‘पेटक्या-’ असे होते: पेटक्याने, पेटक्यामुळे, पेटक्यांचा, पेटक्यांवर. या नामाबरोबर मुख्यतः ‘येणे’ हे क्रियापद येते. ज्याला त्रास होतो तो माणूस वाक्यात कर्ता नसतो. कर्त्याच्या जागी पेटका असतो, आणि माणूस किंवा अवयव चतुर्थी अथवा सप्तमीत येतो.

– रात्री झोपेत आजीच्या पोटरीत पेटका आला.
– पोहता पोहता त्याच्या पायाला पेटका आला.
– उन्हात दिवसभर काम केल्याने मजुरांच्या हातापायांत पेटके येऊ लागले.
– पेटक्याने त्याचा पाय वाकडा झाला.

शरीराच्या अनैच्छिक हालचालींबाबत मराठी वाक्यरचना बहुधा अशीच असते. मात्र प्रत्येक शब्दाचे क्रियापद ठरलेले आहे आणि ते बदलल्यास वाक्य खटकते. पेटका ‘येतो’, उचकी ‘लागते’, उसण ‘भरते’, दातखीळ ‘बसते’, डोळा ‘लवतो’, मान ‘आखडते’. ‘आचके’ या शब्दाची रचना वेगळी आहे. माणूस आचके ‘देतो’, म्हणजे तेथे माणूसच व्याकरणदृष्ट्या कर्ता होतो.

एकवचन आणि अनेकवचन यांतही अर्थभेद आहे. ‘पेटका आला’ म्हणजे एका जागी, एकदा आला. ‘पेटके येतात’ म्हणजे ते वारंवार किंवा अनेक जागी येतात. दुसऱ्या प्रयोगात एखाद्या आजाराची सूचना असते.

जवळच्या अर्थाचे शब्द

गोळा: पोटरीतील पेटक्यासाठी सर्वांत प्रचलित बोली शब्द. गड चढून किंवा लांब चालून ‘पोटऱ्यांत गोळे येणे’ या प्रयोगात पेटक्यापेक्षा थकव्याचा अर्थ अधिक असतो.

उचकी: श्वासपटलाचे अचानक आकुंचन. त्याच क्षणी स्वरयंत्रातील फट बंद होते आणि ‘उक्’ असा आवाज येतो. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढत आहे, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. बहुतेक वेळा ती काही मिनिटांत थांबते. ४८ तासांपेक्षा जास्त टिकलेल्या उचकीची वैद्यकीय तपासणी करावी लागते.

उबळ: खोकल्याचा किंवा ओकारीचा आवरता न येणारा आवेग. यात छाती व पोटाचे स्नायू एकापाठोपाठ आकुंचन पावतात.

मुरडा: आतड्यांच्या आकुंचनामुळे पोटात पीळ पडल्यासारखी येणारी वेदना. अतिसार आणि आव यांत मुरडा येतो.

कळ: थांबून थांबून येणारी तीव्र वेदना. अनेकवचनी ‘कळा’ हा शब्द प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या गर्भाशयाच्या आकुंचनांसाठी रूढ आहे. ‘वेणा’ हा त्याचा ग्रांथिक पर्याय. मासिक पाळीच्या वेळी ओटीपोटात येणाऱ्या कळांमागेही गर्भाशयाचे आकुंचन असते. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने ते घडवून आणतात. शहरी तरुणींच्या बोलण्यात यासाठी ‘क्रॅम्प्स’ हा शब्द आता सर्रास येतो.

उसण, लचक आणि चमक: पाठ, कंबर किंवा बरगड्यांतील अचानक वेदना. वाकताना किंवा वजन उचलताना स्नायू दुखावतो आणि बचावासाठी आवळला जातो. ही वेदना हालचालीशी बांधलेली असते आणि पेटक्यापेक्षा जास्त काळ टिकते.

दातखीळ: जबड्याचे स्नायू आवळल्याने तोंड न उघडणे. थंडीने, भीतीने किंवा आकडीत दातखीळ बसते. धनुर्वाताचे ते सुरुवातीचे लक्षण आहे.

आकडी (झटके, फेफरे): मेंदूतील विद्युत क्रियेत अचानक बिघाड झाल्याने येणारा आवेग. यात सर्वांगाचे स्नायू आवळून झटके बसतात आणि बहुधा शुद्ध हरपते.

आचका: मरणासन्न अवस्थेत शरीराला किंवा श्वासाला बसणारा हिसका.

लाक्षणिक प्रयोग

वरील शब्दांपैकी अनेकांना लाक्षणिक अर्थ प्राप्त झाले आहेत. भीतीने ‘पोटात गोळा येतो’. बोलायचे सुचत नाही तेव्हा ‘दातखीळ बसते’. दुसऱ्याचे दुःख पाहून ‘आतड्याला पीळ पडतो’. बंद पडू घातलेला कारखाना ‘अखेरचे आचके’ देतो. एखाद्याला भाषण करण्याची ‘उबळ’ येते. खर्च करताना कोणी ‘हात आखडता घेतो’. थोडे थांबण्यास सांगताना ‘जरा कळ काढ’ असे म्हणतात.

त्या तुलनेत ‘पेटका’ हा शब्द मुख्यतः शारीरिक अर्थापुरताच राहिला आहे. त्यामुळे वैद्यकीय लेखनात तो संदिग्ध ठरत नाही. ‘झटका’ या शब्दाची स्थिती याच्या उलट आहे. आकडी, हृदयविकार, पक्षाघात, विजेचा धक्का आणि अनपेक्षित बातमी या सर्वांसाठी तो वापरला जातो.

आयुर्वेदातील संज्ञा

आयुर्वेदात अशा विकारांचे मूळ वातदोषात सांगितले आहे. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांची गणना असून त्यांत ‘पिण्डिकोद्वेष्टन’ हा विकार आहे. पिण्डिका म्हणजे पोटरी आणि उद्वेष्टन म्हणजे पिळवटणे. त्यामुळे ही संज्ञा पोटरीतील पेटक्याचे नेमके वर्णन करते. पाय, पोटरी, मांडी आणि हाताचे मूळ यांतील पिळवटणाऱ्या वेदनेला ‘खल्ली’ असे नाव आहे. सर्वांगाला हिसके देणाऱ्या विकाराला ‘आक्षेपक’, तर जबडा जखडण्याला ‘हनुग्रह’ म्हटले आहे. उचकीला ‘हिक्का’ ही संज्ञा असून तिचे पाच प्रकार वर्णिले आहेत.

मराठीत आजही वापरात असलेला ‘धनुर्वात’ हा शब्द याच परंपरेतील आहे. रोग्याच्या पाठीचे स्नायू आवळून शरीर धनुष्यासारखे वाकते, यावरून तो पडला आहे.

शरीरक्रिया

स्नायूच्या तंतूंत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. चेतातंतूकडून संदेश आला की स्नायूपेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, दोन्ही धागे परस्परांना धरून एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. तो पुन्हा सैल होण्यासाठी कॅल्शियम मूळ जागी परत जावे लागते आणि धाग्यांची पकड सुटावी लागते. या दोन्ही क्रियांना एटीपी या रेणूतील ऊर्जा लागते. आकुंचनाप्रमाणेच सैल होण्यासाठीही ऊर्जा खर्च होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मृत्यूनंतर एटीपी संपल्यावर प्रेत ताठ होते, ते याच कारणाने.

नेहमीच्या पेटक्यात बिघाड सहसा स्नायूत नसून त्याला संदेश देणाऱ्या चेतातंतूत असतो. हा तंतू कारण नसताना अतिशय वेगाने संदेश सोडू लागतो. स्नायूंची विद्युत तपासणी केल्यास पेटक्याच्या वेळी हे संदेश नोंदवता येतात. थकलेल्या स्नायूत आकुंचनाला चेतवणारे संदेश वाढतात आणि कंडरेतील ग्राहींकडून येणारे रोधक संदेश कमी होतात, असे एक स्पष्टीकरण आहे. स्नायू हळूहळू ताणला की कंडरेवर ताण येतो, रोधक संदेश वाढतात आणि पेटका सुटतो. म्हणून ताण देणे हा पेटक्यावरील सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे.

पोटरीत रात्री पेटका येण्यामागे पायाची स्थिती हेही एक कारण मानले जाते. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. अशा स्नायूत थोडेसे जास्त आकुंचन झाले तरी त्याचा पेटका होतो.

कारणे

रात्रीचे पेटके: पन्नाशीनंतर रात्री पोटरीत पेटके येण्याचे प्रमाण वाढते. बहुतेकांमध्ये त्यामागे कोणताही गंभीर आजार नसतो. दिवसभर उभे राहून काम करणे, व्यायामाचा अभाव किंवा अचानक केलेला जास्त व्यायाम यांनी त्यात भर पडते.

गर्भारपण: गर्भारपणाच्या उत्तरार्धात अनेक स्त्रियांना रात्री पायांत पेटके येतात. प्रसूतीनंतर ते सहसा थांबतात.

उष्णता आणि श्रम: कडक उन्हात किंवा भट्टीजवळ श्रम करणाऱ्यांचा घाम मोठ्या प्रमाणावर जातो. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. अशा वेळी केवळ साधे पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण आणखी घटते व पेटके येऊ शकतात. १९२० च्या दशकात इंग्लंडमधील खोल कोळसाखाणींतील कामगारांच्या पेटक्यांचा अभ्यास झाला, तेव्हा पाण्यात थोडे मीठ मिसळून दिल्याने फरक पडतो, असे दिसून आले. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तेथील शेतमजूर, बांधकाम मजूर आणि वीटभट्टीवरील कामगार यांना हा धोका असतो. उष्णतेचे पेटके हा उष्माघाताच्या वाटेवरील इशारा असू शकतो. पेटके आलेला माणूस शुद्धीवर असतो व नीट बोलतो. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात समजून तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

उलट्या आणि अतिसार: शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने गेल्यास हातापायांत आणि पोटात तीव्र पेटके येतात. पटकी (कॉलरा) या रोगात ते विशेष जाणवतात. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देऊन मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर खाली आणले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हेच द्रावण मराठीत ‘जलसंजीवनी’ या नावाने ओळखले जाते.

क्षारांची कमतरता: रक्तातील कॅल्शियम घटल्यास ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, मनगट वाकते आणि बोटे एकत्र जुळून ताठ होतात. घाबरून वेगाने श्वास घेतल्यानेही तात्पुरती अशीच अवस्था होते. अशा वेळी धीर देऊन श्वास संथ करविल्यास बोटे सुटतात. मॅग्नेशियम व पोटॅशियमची कमतरता हीदेखील कारणे आहेत.

आजार आणि औषधे: मूत्रपिंडाचे विकार व डायलिसिस, यकृताचा सिऱ्होसिस, थायरॉइड ग्रंथीची मंदगती आणि मधुमेहामुळे होणारी चेतातंतूंची हानी यांत पेटके येतात. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबावरील औषधे घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो.

लिहिण्याचा पेटका: दीर्घकाळ लेखन करणाऱ्यांची बोटे लेखणी हातात घेताच आवळली जातात. कारकुनी करणाऱ्यांच्या हाताच्या या त्रासाची नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये केली. आता हा विकार नेहमीच्या पेटक्यांत न गणता मेंदूच्या हालचाल-नियंत्रणातील बिघाड मानला जातो. वादकांमध्येही तो आढळतो.

प्रथमोपचार आणि उपचार

पेटका आलेला स्नायू हळूहळू ताणणे हा पहिला उपाय आहे. पोटरीत पेटका आल्यास गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे, म्हणजे नडगीच्या दिशेने ओढतात. उभे राहणे शक्य असल्यास भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर दाबून पुढे झुकतात. मांडीच्या मागील बाजूस पेटका असल्यास पाय सरळ करतात. ताण देताना हिसका देणे टाळावे लागते, अन्यथा स्नायूचे तंतू तुटू शकतात. स्नायू सैल झाल्यावर हलके चोळणे व शेकणे यांनी आराम पडतो. आषाढी वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चोळून देण्याची सेवा ठिकठिकाणी केली जाते. लांब चालण्याने थकलेल्या पोटऱ्यांना तिचा उपयोग होतो.

पोहताना पेटका आल्यास पाण्यावर उताणे होऊन तरंगत राहावे, मदतीसाठी हाक मारावी आणि शक्य झाल्यास त्याच स्थितीत पाऊल ताणावे. घाबरून हातपाय मारल्याने दम लागतो व बुडण्याचा धोका वाढतो. विहिरीत किंवा तलावात एकट्याने पोहू नये, या जुन्या सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

घाम किंवा अतिसार यांमुळे पेटके येत असल्यास पाणी व क्षार दोन्ही भरून काढावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्याच्या जलसंजीवनीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पाकीट उपलब्ध नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्रावण करतात. येथे चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा चमचा. मीठ जास्त पडल्यास लहान मुलांना अपाय होतो, म्हणून माप पाळणे आवश्यक असते.

रात्रीच्या पेटक्यांवर पूर्वी क्विनाइन दिले जात असे. रक्तातील बिंबिका घटणे, हृदयाची लय बिघडणे असे त्याचे गंभीर दुष्परिणाम आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या वापराविरुद्ध इशारा दिला. मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. तथापि ज्येष्ठांच्या पेटक्यांवर त्यांचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात काढण्यात आला. केळी खाल्ल्याने पेटके थांबतात हा समजही लोकप्रिय आहे. केळ्यात पोटॅशियम असते हे खरे. परंतु ते पचून रक्तात उतरेपर्यंत पेटका बहुधा आपोआप गेलेला असतो. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण देण्याचा व्यायाम निरुपद्रवी असून अनेकांना त्याने फायदा होतो.

पेटका आणि आकडी

पेटक्यात माणूस शुद्धीवर असतो, वेदनेची जागा दाखवू शकतो आणि आकुंचन एका भागापुरते असते. आकडीत बहुधा शुद्ध हरपते, सर्वांगाला झटके बसतात, तोंडाला फेस येऊ शकतो, जीभ चावली जाऊ शकते आणि नंतर काही काळ गुंगी राहते. रुग्णाला स्वतःला काय घडले ते आठवत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याने केलेले वर्णन निदानासाठी मोलाचे ठरते.

आकडी आलेल्या व्यक्तीला कांदा, चप्पल किंवा जोडा हुंगवण्याची प्रथा अद्याप दिसते. आकडी सहसा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि त्याचे श्रेय चपलेला मिळते, यामुळे हा समज टिकून राहिला आहे. आकडीच्या वेळी व्यक्तीला कुशीवर वळवणे, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करणे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करणे आणि वेळ मोजणे एवढेच करायचे असते. दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे किंवा पाणी पाजणे धोक्याचे असते. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकल्यास, शुद्ध येण्याआधीच दुसरी आल्यास किंवा ती आयुष्यातील पहिलीच असल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी लागते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना तापात आकडी येऊ शकते. बहुतेक मुलांमध्ये तिचे पुढे अपस्मारात रूपांतर होत नाही.

‘फेफरे’ आणि ‘आकडी’ या शब्दांना दीर्घकाळ सामाजिक कलंक चिकटलेला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ यानुसार वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे विवाहास बाधक मानले जात. १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यातून अपस्माराचा उल्लेख वगळण्यात आला. तरीही विवाहाच्या वेळी, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हा आजार लपवला जातो आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून औषधे बंद केली जातात. औषधे अचानक बंद केल्याने आकडी पुन्हा येण्याचा आणि ती न थांबण्याचा धोका वाढतो. आकडीऐवजी ‘पेटका आला होता’ किंवा ‘चक्कर आली होती’ असे सौम्य शब्द वापरले जातात, त्यामागेही हीच भीती असते. अशा सौम्य शब्दांमुळे योग्य निदानास उशीर होऊ शकतो.

धनुर्वातातील पेटके

धनुर्वात हा क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जिवाणूच्या विषामुळे होणारा रोग आहे. या जिवाणूची बीजे माती व शेणात असतात आणि जखमेवाटे शरीरात शिरतात. स्नायूंना आवर घालणारे रोधक संदेश या विषामुळे अडवले जातात. त्यामुळे प्रथम दातखीळ बसते, नंतर मान व पाठ ताठ होते आणि आवाज, प्रकाश किंवा स्पर्श यांसारख्या क्षुल्लक निमित्तानेही सर्वांगाला पेटके येतात. या अवस्थेत रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. श्वसनाचे स्नायू आवळले गेल्यास मृत्यू ओढवतो.

पूर्वी नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा ब्लेडने कापल्यामुळे अनेक नवजात बालके या रोगाने दगावत. पहिले दोन दिवस नीट दूध पिणारे मूल नंतर दूध ओढेनासे होई आणि त्याला पेटके येऊ लागत. गर्भवतींचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे परिस्थिती पालटली आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात दूर झाल्याचे जाहीर करण्यात आले. जिवाणूची बीजे मातीत कायम राहत असल्याने रोगाचे समूळ उच्चाटन होत नाही व लसीकरण चालू ठेवावे लागते. जखमेनंतर जबडा आखडल्यास तो साधा पेटका समजून घरी थांबणे घातक ठरते.

वैद्यकीय सल्ल्याची गरज

अधूनमधून येणाऱ्या पेटक्यांसाठी सहसा तपासणीची आवश्यकता नसते. पुढील परिस्थितीत मात्र डॉक्टरांना दाखवावे लागते.

– पेटके वारंवार येत असल्यास, झोप मोडत असल्यास किंवा स्नायू अशक्त होत असल्यास.
– एकाच पायाला सूज, लाली व उष्णता असल्यास. हे शिरेत रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते.
– ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखून थांबल्यावर बरे वाटत असल्यास. हे रोहिणी अरुंद झाल्याचे लक्षण असून मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांत ते अधिक आढळते.
– जखमेनंतर जबडा किंवा मान आखडल्यास.
– पेटक्यांबरोबर शुद्ध हरपल्यास किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाल्यास.
– गर्भवतीला नऊ महिने भरण्यापूर्वी ओटीपोटात ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्यास.

वर्णन करताना ‘झटके येतात’ एवढेच सांगण्यापेक्षा आकुंचन कोठे सुरू झाले, किती वेळ टिकले, वेदना होती का, शुद्ध होती का आणि त्या आधी काय घडले होते, हे सांगितल्यास निदान सोपे होते.

हेही पाहा

– उचकी
– अपस्मार
– धनुर्वात
– उष्माघात
– जलसंजीवनी
– स्नायू